तिसऱ्या हौदातला घास

माझं नाव मच्छिंद्र. नावातच मासा आहे म्हणून तुला इथं चिकटवलं, अशी चेष्टा गाववाले करत आणि मला तिचा मनापासून राग येई. बेलापूरच्या अलीकडे, पाटाच्या कडेला आमचं मत्स्यबीज केंद्र होतं. चार मातीची तळी, तीन सिमेंटचे हौद आणि एक पत्र्याची खोली. मी तिथं हंगामी फिल्डमन होतो. हंगामी म्हणजे पावसाळ्यात माणूस, उन्हाळ्यात कोणी नाही. ही गोष्ट एकाहत्तर सालची.

माशाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जिऱ्याएवढं असतं, म्हणून त्याला जिरं म्हणायचं. बोटाएवढं झालं की बोटुकली. जिऱ्याची बोटुकली होईपर्यंतच काय ती धाकधूक असते. त्या दीड-दोन महिन्यांत खाणं चुकलं की सगळं चुकलं.

ते खाणं शोधून काढायला नगरहून भणगेसाहेब आले. तरुण, शिकलेले, कधी आवाज न चढवणारे. मला आवाज चढवणारे साहेब परवडतात. त्यांचा राग तरी कळतो. साहेबांनी प्रत्येक हौदात कटला माशाची दोनशे पिल्लं मोजून सोडली. पहिल्या हौदाला कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि सुकटीची पूड. दुसऱ्याला कोंडा आणि पेंड. तिसऱ्याला नुसता कोंडा. प्रयोग चांगला उतरला तर तुला कायम करायची शिफारस करतो, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. मी तेव्हापासून त्या हौदांकडे देवाकडे बघावं तसा बघायला लागलो.

पेंड भिजवायला आणि सुकट कुटायला राहीबाई होती. शेवगावकडच्या कोरडवाहू मुलखातली. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला आली, नवरा तापानं गेला आणि ती इथंच राहिली. मागच्या वर्षी तिची चार वर्षांची मुलगीही गेली. राहीबाई माळकरी. सुकट कुटताना नाकाला पदर बांधायची आणि पाटावर अंघोळ केल्याशिवाय भाकरीला शिवायची नाही. भाकरीचं फडकं सोडलं की पहिला घास मुक्या जिवासाठी बाजूला काढायची. तुझ्या घासावर आमचे कावळे माजलेत, असं मी म्हटलं की ती हसायची.

दहा-बारा दिवसांत तिसऱ्या हौदातली पिल्लं दिसायला विचित्र झाली. डोकी मोठी, अंग काडीसारखं. रोज दहा-वीस मेलेली वर यायची. राहीबाईला वाटलं आपल्याच हातून कोंडा कमी पडतोय. तिनं साहेबांना तसं विचारलं. साहेबांना शिकवायची हौस होती. ते हौदाच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, कोंडा भरपूर आहे, पण त्यात प्रथिनं कमी. प्रथिनं म्हणजे अंगाच्या विटा, आणि त्या विटाही नाना तऱ्हेच्या असतात, अमिनो आम्लं म्हणतात त्यांना. त्यातली एक जरी तऱ्हा कमी पडली तरी बांधकाम तिथंच थांबतं.

"म्हंजी सायेब, पोट भरूनबी मरत्यात?"

"हो. पोट भरणं वेगळं आणि अंग धरणं वेगळं."

तिनं विचारलं, माणसाच्या लेकराचंही असंच का. साहेब खुशीत आले. तसंच, म्हणाले. नुसत्या कण्यांच्या पेजेवर ठेवलेलं पोर बघ. केस तांबूस होतात, पाय सुजतात, तोंड भरल्यासारखं दिसतं, आणि आईला वाटतं पोरानं बाळसं धरलं. त्याच कण्यांत मूठभर हुलगे शिजवून घातले तरी पोर वाचतं. एकात जी वीट नसते ती दुसऱ्यात असते. एवढं सांगून साहेब फूटपट्टी घेऊन पहिल्या हौदाकडे गेले. आपण कोणाशी काय बोललो हे त्यांना कधीच कळलं नाही.

राहीबाई तिथंच बसून राहिली. मी पेंडीचं घमेलं उचलायला गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाल भरले म्हनून मी तिची दिष्ट काढली हुती, मच्छिंदर. मीठ-मोहऱ्या वोवाळल्या. हुलगे घरात हुते. गरम पडत्यात म्हनून न्हाई दिले."

मी घमेलं घेऊन निघून गेलो.

त्यानंतर आठवडाभरात तिसऱ्या हौदातलं मरण थांबलं. उरलेली नव्वद-पंचाण्णव पिल्लं अंग धरायला लागली. महिन्यानं जाळं टाकून मोजली तर दुसऱ्या हौदाच्या जवळपास आलेली. साहेबांनी तीनदा मोजली. मी जाळं झटकलं तेव्हा त्याच्या कोपऱ्यात हुलग्याची तांबडी-काळी सालं चिकटलेली दिसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पत्र्याच्या खोलीआडून पाहिलं. राहीबाई अंघोळ करून आली, फडकं सोडलं, शिजवून ठेचलेले हुलगे मुठीत घेतले आणि तिसऱ्या हौदात सोडले. मग कोरडी भाकरी खाल्ली. शंभराच्या आतल्या जिवांना ती मूठ म्हणजे जेवणावळ होती.

हे साहेबांना सांगायला हवं होतं. राहीबाईचं काम जाईल म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. प्रयोग नासला असता तर माझी शिफारसही गेली असती. मी ती सालं जाळ्यातून वेचली आणि पाटात टाकली.

साहेबांनी अहवाल लिहिला. सुरुवातीला थोडी मर होते, पण तगलेली पिल्लं नुसत्या कोंड्यावरही पेंडीइतकीच वाढतात. पेंड-सुकटीची गरज नाही. वरच्या लोकांना हे फार आवडलं. पेंड बंद झाली, सुकट बंद झाली, आणि कुटायलाच काही उरलं नाही म्हणून सगळ्यात आधी राहीबाई कामावरून कमी झाली. जाताना तिनं हौदाकडे बोट करून मला सांगितलं, यांच्याकडं बघ. मी बघतो म्हणालो. एप्रिलात मी कायम झालो.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. पाटाला पाणी थोडं होतं, ते आम्ही चारही तळ्यांना घेतलं आणि चार लाख जिरं सोडलं. खायला नुसता कोंडा. पंधराव्या दिवशी डोकी मोठी दिसायला लागली. विसाव्या दिवशी तळ्याच्या कडेनं मेलेल्या पिल्लांची पांढरी किनार धरली. साहेब म्हणाले, पाण्यात दोष असेल. मग म्हणाले, कोंडा चोरीला जातो आहे. तेव्हा माझं डोकं फिरलं. एसटीनं शेवगाव गाठलं आणि दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांत राहीबाईला शोधून काढलं. सगळी तळी मरायला लागलीत, गेल्या साली काय घालत होतीस ते साहेबांना सांग, एवढंच मी तिला सांगितलं. ती तशीच उठली, खोपटातून पदराला काहीतरी बांधून घेतलं आणि माझ्यामागं निघाली.

साहेबांपुढं तिनं सगळं सांगितलं. हात जोडून, एकेक शब्द. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रोज किती घालत होतीस?"

"मूठभर, सायेब."

"मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

तिला ते सांगता येईना. साहेबांनी चष्मा पुसला. मूठ हे काही माप नव्हे, म्हणाले, आणि छापलेला अहवाल असल्या मापावरून मागं घेता येत नाही. शिवाय बाईनं सरकारी हौदात ढवळाढवळ केल्याचं कबूल केलंच आहे, तेव्हा तिला पुन्हा आवारात येऊ देऊ नका. हेही आवाज न चढवता. मग ते पाण्याची बाटली भरून तपासणीला घेऊन गेले.

राहीबाई तळ्याशी गेली. पदराची गाठ सोडली. त्यात हुलगे होते, दुष्काळात कुठून मिळवले कोणास ठाऊक, दोन मुठी असतील. चार लाखांसाठी दोन मुठी. तिनं ते दगडानं भरडले आणि पाण्यात टाकले. खायला कोणी वर आलं नाही. भरड मेलेल्या पिल्लांवर पडून राहिली.

"तिला न्हाई घातलं तर ती मेली," ती म्हणाली. "त्या हौदातल्यान्ला घातलं तर हे मेले." मग माझ्याकडे वळली. "मी घालत हुते, ते तुला कवा कळलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. आत्ता पिल्लं मरायला लागल्यावर ध्यानात आलं म्हणालो असतो तरी तिनं विश्वास ठेवला असता.

"तवाच," मी म्हणालो. "जाळ्यात सालं घावली हुती."

"मंग बोलला का न्हाईस?"

मी खाली बघितलं. पायात कायम नोकरांना मिळणारे सरकारी बूट होते, नवे, काळे. तिनंही ते पाहिले. आणखी काही विचारलं नाही. पदर झटकला, पाटावर जाऊन हातपाय धुतले आणि एसटीच्या रस्त्याला लागली. मी जाळं घेतलं आणि मेलेली पिल्लं बाहेर काढायला लागलो. तेही माझंच काम होतं.