पिठोरीचं ताट

वाढदिवसाला मटण शिजत नाही असं अख्ख्या वळ गावात एकच घर आहे, ते आमचं. कारण आमच्या सासूबाई, ठमाबाई, जन्मल्याच पिठोरी अमावास्येला. म्हणजे श्रावणाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी घराघरात रस्से उकळायला लागतात आणि आमचं सगळं खानदान आदल्या संध्याकाळीच खीर-पुरी खाऊन मोकळं झालेलं असतं. पुरुष दरवर्षी कुरकुरतात. इंग्रजी तारखेने करूया, म्हणजे श्रावण टळेल, असं माझ्या पुतण्याने, हितेशने एकदा सुचवून पाहिलं होतं. सासूबाईंना मी आईच म्हणते. आई म्हणाली, तारीख कोनाला ठावं हाय, माझे आयशीनं मना पिठोरीला जल्म दिला, पिठोरीलाच करा नायतर करू नका. विषय तिथेच संपला.

मी तुळजा, या घरातली थोरली सून. माझा राग नाकावर असतो असं सगळे म्हणतात. असू दे. नाक माझं, राग माझा. पण दरवर्षीच्या त्या खीर-पुरीचं पीठ मीच मळते, आणि शेताची गोदामं झाली, घरावर मजले चढले, तरी त्यात खंड पडलेला नाही.

आमच्यात पिठोरीची रीत अशी. दिवेलागणीला पूजा होते. भिंतीवर पिठोरीचं चित्र, समोर पिठाचे दिवे. मग घरची आई पोराबाळांकडे पाठ करून उभी राहते, खीर-पुरीचं ताट डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, अतीत कोण? म्हणजे पाहुणा कोण आलाय दारात? मागून पोर आपलं नाव सांगतं आणि पुरी उचलतं. जितकी पोरं तितक्या हाका. आईने मागे वळून बघायचं नाही, आणि ताट रिकामं झाल्याशिवाय खाली उतरवायचं नाही. आमच्या घरात ताट एकच. मुलं, लेकी, नातवंडं, पतवंडं, सगळी त्याच एका ताटाला ओ देतात. त्यामुळे ते ताट जिच्या हातात, ती घराची आई, हे कुणी सांगावं लागत नाही.

मला मूल नाही. हे मी सरळ सांगते, कारण लोक ते वळसे घेत सांगतात आणि मला वळशांचा कंटाळा आहे. डॉक्टर झाले, नवस झाले, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात अंघोळी झाल्या, आईनेच आपल्या माहेरी नेऊन घातल्या. नाही झालं. माझी जाऊ सुकन्या ठाण्याच्या हॉस्पिटलात नर्स. तिच्या शिफ्ट, तिच्या नाईट ड्युट्या. तिची उन्नती आणि हितेश माझ्या हाताखाली वाढले. दोघं मला मोठीआई म्हणतात. पण पिठोरीला मी पुऱ्या तळायच्या आणि भिंतीला टेकून बघायचं, हे लग्नापासून चालत आलेलं होतं.

गेल्या वर्षी ताट धरताना आईचा खांदा गेला. ताट कललं आणि खीर तिच्याच डोक्यावर सांडली. पोरं हसली, तीही हसली, पण मी तिचे केस धुतले तेव्हा तिला हात खांद्याच्या वर नेता येईना. पुढच्या वर्षी ताट दुसरं कुणीतरी धरणार हे तेव्हाच सगळ्यांना कळलं. आणि रीतीप्रमाणे ताट सासूकडून थोरल्या सुनेकडे जातं. आईलाही ते तिच्या सासूकडून असंच आलेलं.

श्रावण लागला आणि फॅमिली ग्रुपवर कशेळीच्या ताईचा मेसेज पडला. ताई म्हणजे आईची थोरली लेक, माझी नणंद. या वर्षी पिठोरीचं ताट सुकन्या धरेल, सगळ्यांनी वेळेवर या, आणि खाली हात जोडलेले. त्याखाली कुणी अंगठा दाखवला, कुणी फूल टाकलं. मी चहा गाळत होते. गाळणी हातातच राहिली आणि चहा ओट्यावर.

मनोजला दाखवलं. हो, नवऱ्याचं नाव घेते मी, ज्याला जे वाटायचं ते वाटो. मनोज म्हणाला, जाऊ दे ना, तुला नाहीतरी कामाचा लोड होतो. असा माणूस. गोदामातल्या भाडेकरूशी दिवसभर भांडेल, पण बहिणीसमोर त्याच्या तोंडाला कुलूप. मी त्या दिवशी त्याच्या डब्यात नुसती भाकरी दिली, भाजी दिली नाही.

खरा राग मला आईचा आला. तिला मी रोज न्हाऊ घालते, तिच्या गोळ्या माझ्या तोंडपाठ. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताट जड हाय गो." आणि टीव्हीकडे तोंड केलं. हो नाही, चूक बरोबर, काही नाही. मला इतकं वाईट वाटलं की संडासात जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

मी पाहुण्यासारखी येऊन बसणार, असं एकदा ठरवलं. मग ठरवलं, येणारच नाही, अकलोलीला जाऊन बसेन. पण पिठोरी जवळ आली तसं हात आपोआप तांदूळ निवडायला लागले. आणि निवडता निवडता माझं ठरलं. ताट माझं आहे. मागून घेणार नाही, भीक नाही ती. जाऊन धरणार.

यंदा आईला ऐंशी पूर्ण म्हणून थाट मोठा होता. भाडेकरू गेल्यामुळे एक गाळा रिकामा होता, तिथेच मांडव. नाक्यावर हितेशने आईचा बॅनर लावला होता, डोळ्यांवर काळा गॉगल, खाली लिहिलेलं ‘वळची वाघीण’, आणि शुभेच्छुक म्हणून आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे चेहरे. आईने तो गाडीतून बघितला आणि दोनदा मागे घ्यायला लावली गाडी. मग हितेशला म्हणाली, असाच खरा गॉगल मना आणून दे.

ताई उशिरा आली, कशेळीला गाड्या तुंबलेल्या. येताच तिने सुकन्याला नवी साडी नेसवली, तिच्या अंबाड्यात गजरा माळला आणि पूजेला बसवलं. मी मागे तळणीसमोर. पूजा झाली, दिवे लागले, ताटात पुऱ्यांची चळत आणि मधे खिरीचा वाडगा ठेवून सुकन्या उठली. आई खुर्चीत, वॉकर बाजूला. सगळी पोरं मागे रांगेत, कुजबुजत, ढकलाढकली करत.

मी गॅस बंद केला, हात पुसले आणि पुढे गेले.

"ताट मी धरणार," मी म्हटलं. "थोरली सून मी आहे."

गाळ्यात पत्र्याखाली आवाज घुमतो. मागच्या बायकांपर्यंत गेला तो. मनोज खाली बघायला लागला. ताई हसली, अगदी समजुतीने, आजारी माणसाकडे बघून हसतात तशी. तिने मला बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. मी हलले नाही. मग ती सगळ्यांसमोर बोलली, आणि बोलली ते मोठ्याने बोलली.

"धर ना. पण हाकेला ओ कोण देणार गं तुझ्या?"

एवढ्या वर्षांत हे वाक्य माझ्या पाठीमागे कितीदा तरी झालं असेल. तोंडावर पहिल्यांदाच आलं. बरं, ताईने बोलावं? तिला स्वतःला लग्नानंतर किती वर्षं मूल नव्हतं. नवसाने झालं म्हणून मुलाचं नाव नवशा. जिने ते सगळं भोगलं तिनेच बोलावं याचं मला सगळ्यात जास्त लागलं.

मी सुकन्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. मी ताटाला हात लावला. तिने ओढून धरलं नाही. उलट वाडगा हलू नये म्हणून खालून आधार देऊन ताट नीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "जाऊबाय, खीर गरम हाय, सांभाळून."

मी भिंतीकडे तोंड केलं. समोर पिठोरीचं चित्र, बाजूला सासऱ्यांचा, पंढरीशेठचा फोटो. ताट डोक्यावरून मागे नेलं. खरंच जड होतं. आणि तेव्हा भीती वाटली, खोटं कशाला बोलू. कुणीच आलं नाही तर? हे भरलेलं ताट एवढ्या माणसांसमोर खाली उतरवायचं आणि मग उरलेला जन्म याच गावात काढायचा. तरी विचारलं.

"अतीत कोण?"

बाहेर कंटेनर रिव्हर्स घेत होता, त्याची पीं पीं तेवढी ऐकू आली. माझे हात दुखायला लागले.

"मी, उन्नती."

ताट हललं. पुरी उचलली गेली. मी परत विचारलं. उन्नतीच बोलली, आपल्या वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन, "मी, मनाली." आणि एक छोटासा हात वाडग्यात पडल्याचं मला ताटावरूनच समजलं, कारण खीर माझ्या मानेवर आली. मागे हशा पिकला. मग हितेश. मग मनोजच्या चुलत भावांची पोरं, ज्यांच्या शाळेच्या डब्यांत माझी भाकरी गेली, ज्यांना मी मारलंय, ज्यांची तापात डोकी धरलीत. नाव सांगत होती आणि पुरी उचलत होती. मला हात दुखतायत हेच आठवेना. सुकन्या तळणीजवळून पुऱ्या आणून ताटात टाकत होती, कारण पहिली चळत केव्हाच संपली होती. माझे डोळे वाहत होते आणि भिंतीकडे तोंड असल्याने ते कुणाला दिसत नव्हतं, ही रीत ज्या कुणी घातली त्या बाईचं भलं होवो.

"अतीत कोण?"

"मी, नवशा."

ताईचा नवशा. कॉलेजची सगळी वर्षं तो आमच्याकडे राहिला, कशेळीहून रोज येणं जमेना म्हणून. मला वाटलं ताई आता काहीतरी बोलेल. नवशाने एक पुरी घेतली, आणि लाज नावाची गोष्ट नसल्याने दुसरीही घेतली.

शेवटी रांग संपली. पण ताटात एक पुरी राहिली होती. वजनावरून नाही कळत, पण सुकन्या हळूच म्हणाली, एक हाय अजून. ताट रिकामं झाल्याशिवाय उतरवता येत नाही. मी विचारलं, अतीत कोण? कुणी उरलं नव्हतं. परत विचारलं. पोरं एकमेकांना ढकलायला लागली, तू जा, तू जा, पण एकदा ओ दिलेल्याने दुसऱ्यांदा द्यायची नसते. ताईच्या बांगड्या वाजल्या. मला वाटलं, आता ती म्हणणार, राहिलंच ना शेवटी.

मग वॉकरचा आवाज आला. टक, आणि चप्पल घासत. टक, आणि चप्पल घासत. रोज पहाटे माझ्या दाराशी येतो तोच आवाज. कुणीतरी म्हणालं, आई, बसा तुम्ही, आणू आम्ही. वॉकर थांबला नाही. माझ्या अगदी पाठीशी येऊन थांबला.

मी विचारलं. "अतीत कोण?"

"मी. ठमा."

आणि शेवटची पुरी ताटातून गेली.

मी ताट उतरवलं. रिकामं होतं, वाडगाही पुसून घेतलेला. वळून बघितलं तर आई एका हाताने वॉकर धरून पुरी खात होती, भूक लागलेल्या पोरीसारखी, हनुवटीवर खीर. मागे ताई पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. नंतर ती माझ्याकडे आली आणि तिने खिरीचं विचारलं. पातेलं खरवडून मी तिला वाटीभर दिली. तीही याच घरची लेक आहे.

मग केक आणला. हितेशने मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. आईच्या डोळ्यांवर गॉगल चढवला होता. सुरी हातात होती, पण ती कापेना. हितेश कानाशी वाकून सांगत होता, आजी, काप, मेणबत्ती वितळते. आईने सुरी वर धरली आणि इकडेतिकडे बघितलं. मी मागे तळणीचं तेल गाळत होते.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माझे आयशीला येऊ दे."

कुणाला बोलावतेय हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि मला वाट करून दिली. मी तेलकट हात पदराला पुसत गेले. आईने केक कापला, पहिला तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि बोटांना उरलेलं क्रीम माझ्या दोन्ही गालांना फासलं. मी तिला ओरडले. ती खदखदा हसत राहिली.