तेंडोलकर सरांची नक्कल

डिसेंबरात शाळेत गणित दिवस होता. नववीतल्या प्रत्येक जोडीने एकेका गणितज्ञाची माहिती जमवून ती सभागृहात सांगायची, असं वर्गशिक्षिका पद्मजा मॅडमनी ठरवलं आणि चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला रामानुजन मिळाले, कुणाला आर्यभट. श्रुतिका परब आणि प्रबुद्ध यांच्या चिठ्ठीवर नाव निघालं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

“कोण रे हे?” श्रुतिकाने विचारलं.

“देवळालीच्या शाळेत मास्तर होते,” प्रबुद्ध मोबाईलमध्ये बघत म्हणाला. “बरं झालं यार. मराठी माणूस आहे, तक्ता लवकर होईल.”

रविवारी भटवाडीतल्या श्रुतिकाच्या घरी दोघं तक्ता घेऊन बसले. आई आतल्या खोलीत शिलाई मशीनवर होती. प्रबुद्ध वाचायचा आणि श्रुतिका स्केचपेनने लिहायची. पाचव्या की सहाव्या ओळीला तिचा हात थांबला.

“परत वाच ना.”

“पंचेचाळीसचा वर्ग दोन हजार पंचवीस. त्याचे दोन तुकडे करा, वीस आणि पंचवीस. बेरीज पुन्हा पंचेचाळीस. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात.” वाचता वाचता प्रबुद्धचाही आवाज उतरला.

दोघांनाही तेच आठवलं होतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी गणिताचे तेंडोलकर सर वर्गात आले ते फळ्याकडेच गेले होते. २०२५ असा आकडा काढून ते वळले आणि म्हणाले, “पोरांनो, तुम्ही नशीबवान! असलं साल पुन्हा तुमच्या वाट्याला येणार नाही.” मग हीच बेरीज. बोलताना सरांचा आवाज कापत होता, खडूचा हात शर्टाला पुसला जात होता. पोरं खाली माना घालून हसली होती. सरांचं नेहमीचंच होतं ते. रोल नंबर असो, रिक्षाचा नंबर असो, त्यात त्यांना काहीतरी दिसायचंच.

त्याच आठवड्यात श्रुतिकाने सरांची नक्कल केली. रिकाम्या वर्गात, ओढणीने तोंड झाकून. तोच कापरा आवाज, तोच शर्टाला पुसलेला हात. “नशीबवान, नशीबवान!” कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. झकास जमलं होतं. संध्याकाळपर्यंत ते दहावीच्या ग्रुपवर गेलं, तिथून माजी विद्यार्थ्यांच्या, आणि शेवटी सरांपर्यंत. सरांनी कुणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते फक्त पुस्तक शिकवू लागले. उदाहरण, रीत, उत्तर, पुढचं उदाहरण. वर्गाला वाटलं, सुटलो.

“पुढे काय लिहिलंय?” श्रुतिकाने विचारलं.

“की बऱ्याच मोठ्या गणितज्ञांना यांचं काम पोरखेळ वाटायचं. यांना हसायचे.” प्रबुद्धने मोबाईल पालथा ठेवला. “हा भाग सोडून देऊया गं.”

श्रुतिकाने तो भाग लिहिला.

गणित दिवसाला सर दुसऱ्या रांगेत बसले होते. प्रबुद्धने जन्म, शिक्षण, नोकरी सांगितली आणि माईक तिच्याकडे दिला. पंचेचाळीसचं तिने सांगितलं. लोक कापरेकरांना हसायचे, हेही सांगितलं. पुढचं वाक्य तक्त्यावर नव्हतं.

“आपल्या शाळेतही असंच झालंय,” ती म्हणाली. “जूनमधला तो व्हिडिओ माझा होता. ओढणीखाली मी होते.”

पद्मजा मॅडम उठल्या. सरांनी हात वर करून त्यांना बसायची खूण केली. पण श्रुतिकाला पुढे बोलता येईना. ती माईक धरून नुसती उभी राहिली. शेवटी प्रबुद्धने तिला हाताला धरून खाली आणलं. त्यांचा प्रकल्प अर्धाच राहिला.

मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत गेली. सर एकटेच डबा खात होते.

“सर, माझं चुकलं.”

“मला ठाऊक होतं,” सर म्हणाले. “वर्षानुवर्षं तुमचे आवाज ऐकतोय. ओढणीने काय लपतंय?”

“मग मला ओरडला का नाहीत?”

सरांनी डब्याचं झाकण लावलं. “तो व्हिडिओ घरी बायकोला दाखवला. म्हटलं, मी असा दिसतो? ती हसली नाही. म्हणाली, नक्कल बरोबर केलीय पोरीने. मग तुला ओरडून काय करू? मला माझीच लाज वाटायला लागली. मार्चमध्ये रिटायर होतोय. म्हटलं, उरलेले महिने गप पुस्तक शिकवावं.”

श्रुतिका रडायला लागली. सरांनी तिला रडू दिलं. ‘जाऊ दे’ असं ते म्हणाले नाहीत.

“प्रकल्प अर्धा टाकलास,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “शनिवारी वर्गात पुरा कर.”

शनिवारपर्यंत तिने एकेकाला गाठून व्हिडिओ पुसायला लावला. कुर्ल्याच्या मावसभावाकडेही तो पोचला होता. तो म्हणाला, “मी पुढे कितीजणांना पाठवलाय, आठवतपण नाही.”

शनिवारी सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले. कापरेकरांचाच आणखी एक खेळ दाखवायला श्रुतिकाने वर्गाला चार अंक मागितले. कुणीतरी म्हणालं, पस्तीसशे चोवीस. तिने अंक उतरत्या क्रमाने लिहिले, मग चढत्या, आणि वजाबाकी केली. तीन हजार सत्त्याऐंशी. त्या उत्तराचं पुन्हा तसंच करायचं होतं. सत्त्याऐंशीशे तीसमधून तीनशे अठ्ठ्याहत्तर वजा केले. तिने उत्तर लिहिलं, ८४५२.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. सर पुढे आले. त्यांनी बोटानेच चारचा अंक पुसला आणि तिथे तीन लिहिला.

“हातचा विसरलीस. त्र्याऐंशीशे बावन्न.” मग ते वर्गाकडे वळले. “आता हेच पुन्हा करायचं. अंक बदलले तरी शेवट एकाच संख्येवर होतो, काय येतंय बघा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तुमच्याएवढा होतो. मला रात्रभर...”

ते थांबले. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. पोरं वह्यांत वजाबाकी करत होती. पहिल्या बाकावरच्या प्रबुद्धने मान वर केली आणि विचारलं, “रात्रभर काय, सर?”

सरांनी खडूचा हात शर्टाला पुसला.

“झोप नाही आली रे,” ते म्हणाले आणि सांगू लागले. श्रुतिका फळ्याजवळून हलली आणि खिडकीला टेकून ऐकत उभी राहिली.