बसल्यावर काय दिसतं

आजारपणानंतर आईने पहिल्यांदा काही मागितलं ते जेवताना.

"शहरात... जाऊ. हॉटेल... घेऊ."

धाकटीचा घास हातातच राहिला. पक्षाघाताच्या झटक्याने आईची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून काहीही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. बागेत जाऊ या? नको. कोणाला भेटायला बोलावू? नको. डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सुचवला, त्यालाही तिने मान फिरवून नको म्हटलं होतं. आणि हे कोणी म्हणावं? जिने गावातल्या तलावावर शिट्टी फुंकून अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं, जिचा आवाज चढला की मिशीवाले बाप्येसुद्धा मुकाट्याने पाण्यात उतरायचे, त्या बाईने! आता ती चाकांच्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघायची. शब्द डोक्यात तयार असत, पण जिभेपर्यंत यायला वेळ लागे. समोरच्याला तेवढा दम नसे, म्हणून तिने हळूहळू बोलणंच आवरतं घेतलं होतं.

"कुठल्या शहरात जायचं?" धाकटीने विचारलं.

"मोठ्या," आई म्हणाली, आणि तिच्या जिवणीची डावी बाजू हसली.

धाकटीने तिथूनच दादाला फोन लावला. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, वायरिंगची कामं घेणारा, पलीकडच्याच गल्लीत राहणारा. मनाने लोण्यासारखा, पण सदा घोड्यावर बसलेला. तो चपला पायात सरकवत तसाच धावत आला.

"आईला न्यायचं तर झोकात न्यायचं," त्याने जाहीर केलं. "दोन रात्री का होईना, राणीसारखं!" आणि त्याने मोबाइलवर शहरातलं एक उंच, काचेचं हॉटेल काढून दाखवलं. आत शिरताच कारंजं, न्हाणीघर तर यांच्या बैठकीच्या खोलीएवढं. त्याने लगेच फोन लावला. "व्हीलचेअर चालेल ना?"

"नो प्रॉब्लेम, सर!" पलीकडून आवाज आला.

"झालं!" दादाने मांडीवर थाप मारली.

धाकटीचं मात्र एवढ्यावर समाधान होणार नव्हतं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. केसाएवढा फरक राहिला तरी कवळी हिरडीला टोचते आणि माणूस जेवता जेवता रडकुंडीला येतो, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं. 'चालेल' या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिने फोन हातात घेतला.

"बाथरूमचं दार किती रुंद आहे?"

"स्टँडर्ड साइज, मॅडम."

"म्हणजे केवढं?"

"म्हणजे... स्टँडर्ड."

दादाने कपाळावर हात मारून घेतला. पण धाकटी हटली नाही. स्पीकर लावून तिने एकामागून एक हॉटेलं पालथी घातली. एक म्हणालं, लिफ्ट आहे, फक्त लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत. एकाने तर कहर केला. म्हणे, "काळजीच करू नका, आमची माणसं आजींना फुलासारखं उचलून नेतील."

आईने डाव्या हाताने टेबलावर चमचा आपटला. "मी... फूल... नाही!"

मग तिने हात पुढे केला. फोन तिला हवा होता. तिला एक प्रश्न स्वतः विचारायचा होता. धाकटीने पुढचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

"खिडकीतून..." आई म्हणाली.

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये," पलीकडचा मुलगा म्हणाला आणि फोन बंद झाला. दुसऱ्या ठिकाणी तर "खि" म्हणेपर्यंत त्यांनी तिला कुठल्याशा वाजत्या गाण्यावर ठेवून दिलं.

"आई, मी विचारतो ना तुझ्या वतीने," दादा म्हणाला. तो चांगल्या मनानेच म्हणाला, पण आईने फोन मांडीवर ठेवला, डाव्या हाताने खुर्चीचं चाक ढकललं आणि पाठ फिरवली. आता पुन्हा 'नको' सुरू होणार, असं धाकटीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून येऊन तिने हट्टाने आणखी एक नंबर लावला. नदीकाठचं जुनं, लहानसं हॉटेल होतं. जाहिरात नाही, भपका नाही. फोन एका बाईने उचलला. आवाज जरा घोगरा.

"बाथरूमचं दार?" ती म्हणाली. "थांबा, मोजून येते."

खण उघडल्याचा आवाज आला. मग पावलं लांब गेली आणि जवळ आली. "तुमची खुर्ची केवढी आहे?"

धाकटीने सांगितलं.

"मग चार बोटं कमी पडतात. सगळ्या खोल्यांना सारखीच चौकट आहे, ती आडवी येते. नाही जाणार आत."

धाकटी बघतच राहिली. इतक्या फोनांनंतर पहिल्यांदाच कोणीतरी सरळ नाही म्हणालं होतं! आभार मानून ती फोन ठेवणार, तेवढ्यात आईचा डावा हात पुढे आला.

"खिडकीतून..." आईने सुरुवात केली.

पलीकडे कोणी हॅलो हॅलो केलं नाही. कोणी वाक्यही पुरं करून दिलं नाही. ती बाई नुसती थांबली. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, मागे कुठेतरी पेले धुतल्याचा आवाज येत होता, आणि ती थांबली होती.

"...काय... दिसतं?"

"तुम्ही खुर्चीत बसून बघणार ना?"

"हो."

"मग मी बसून सांगते."

पुन्हा पावलं, या वेळी जिन्यावर चढणारी. दाराची कडी. खुर्ची ओढल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "हे बघा, उभं राहिलं की छान नदी दिसते. बसलं की नुसता कठडा. आमचा फोटो उभ्याने काढलेला आहे, खोटं कशाला बोलू! बरं झालं तुम्ही विचारलंत. मीच या खोलीत कधी बसून पाहिलं नव्हतं."

आई खुदकन हसली.

"आता तळमजल्यावर मागे एक खोली आहे," बाई पुढे म्हणाली. "तिची काच जमिनीपर्यंत आहे, म्हणजे बसून सगळं दिसेल. पण ती कोणी मागत नाही. समोर नदी नाही, पालिकेचा पोहण्याचा तलाव आहे. उजाडलं की शिट्ट्या आणि आरडाओरडा. पाहुणे वैतागतात."

धाकटीने चमकून आईकडे पाहिलं. आईचे डोळे फोनवर खिळले होते.

"ती... द्या."

"अहो, पण दाराचं—"

"द्या!"

बाई मनापासून हसली. ती हॉटेलची मालकीणच होती, हे तिने तेव्हा सांगितलं. "तुम्ही या तर खरं. दाराचं माझ्याकडे लागलं."

दादाला हे कळलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. "तळमजला? मागची बाजू? लोक पुढच्या खोलीसाठी भांडतात आणि आपण मागची मागून घेतोय! आई, नक्की ना? ते काचेचं—"

"काचेच्यात," आई म्हणाली, आणि पुढचा शब्द येईपर्यंत दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिली, "तू... राहा."

दादा आधी चकित झाला, मग खो-खो हसत सुटला. आजारपणानंतर आईने पहिल्यांदाच त्याची टर उडवली होती, आणि टर उडवून घेताना एवढा आनंद कोणाला झाला नसेल.

ठरल्या दिवशी दादाने गाडी हॉटेलसमोर उभी केली. दारातल्या पायरीवर लाकडी उतार बसवलेला होता. मालकीण साठीची, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. ती लगबगीने बाहेर आली, पण तोंड उघडण्याआधी दारातलं एक स्टूल ओढून आईसमोर बसली, आणि दोघींचे डोळे एका पातळीवर आल्यावर म्हणाली, "या. वाट बघत होते."

मागच्या खोलीत बाथरूमचं दार चौकटीसकट काढून टाकलेलं होतं आणि तिथे जाड पडदा लावला होता. आत हाताशी भक्कम दांडी. धाकटीने सवयीने खुर्ची आत-बाहेर करून पाहिली, कुठेही घासली नाही. दादा मात्र पलंगाशेजारी वाकून भिंत निरखत होता.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"दिव्याचं बटण खाली आणलंय," तो हळूच म्हणाला. "झोपल्या झोपल्या हात पोचावा म्हणून. तेही डाव्या बाजूला! वायर आतून ओढलीय, नीट काम केलंय. उजवा हात चालत नाही एवढंच सांगितलं होतं, बटणाचं आपण बोललोच नव्हतो गं." त्याने ते बटण दोनदा दाबून पाहिलं. "मी लोकांच्या घरात एवढी बटणं लावली, आणि आईकडचं बटण अजून तिच्या डोक्यावर आहे."

सकाळी शिट्टी वाजली आणि धाकटी दचकून उठली. आई जागीच होती. तिला खुर्चीत बसवून काचेपाशी नेलं, ती तिथून हलेचना. तलावात एक प्रौढ बाई काठाची दांडी घट्ट धरून होती. उंच शिक्षक तिला पाठीवर तरंगायला सांगत होता, ती पाय उचलायची आणि घाबरून लगेच दांडी पकडायची.

"मान," आई पुटपुटली. "मान... बघ."

मालकीण नाश्ता घेऊन आली होती. तिने आईकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं. "तुम्ही शिकवायचात की काय?"

आईने मान डोलावली.

"मग इथे काय करताय? चला पलीकडे."

धाकटी "अहो, पण" म्हणेपर्यंत आईने खुर्चीचा ब्रेक सोडला होता.

तलावाच्या काठावर ओल्या फरशीचा, क्लोरीनचा वास होता. आईने नाक भरून तो वास घेतला. मालकिणीने शिक्षकाच्या कानात काहीतरी सांगितलं. तो अदबीने बाजूला झाला. आई त्या घाबरलेल्या बाईच्या डोक्याशी आली.

"तू... मान... वर धरतेस," ती म्हणाली. पाण्यातली बाई, शिक्षक, सगळे ऐकत थांबले. "कान... भिजू दे. पाय... आपोआप... वर."

त्या बाईने डोळे मिटले, मान मागे टाकली, कान पाण्यात जाऊ दिले. तिचे पाय वर आले. दांडीवरची बोटं एकेक करून सुटली.

"अगंबाई!" ती आभाळाकडे बघत म्हणाली. "मी तरंगतेय की!"

शिक्षक टाळ्या वाजवायला लागला. आईने टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. ती पाण्याकडे बघत होती. मग तिने धाकटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "उद्या... मी."

पोहण्याचा पोशाख मालकिणीनेच आणून दिला, स्वतःचा. जरा सैल झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाजूने शिक्षक, दुसऱ्या बाजूने दादा, असं धरून आईला उताराच्या बाजूने पाण्यात नेलं. दादा गारठून दातावर दात आपटत होता, तरी त्याने आईच्या पाठीखालचा हात जरासुद्धा हलू दिला नाही. आई पाण्यावर आडवी झाली. उजवी बाजू किंचित खाली जात होती. तिचा डावा हात पाण्यात गोल गोल फिरत होता.

"सोड," ती म्हणाली.

"आई, नको ना—"

"सोड!"

हा आवाज जुना होता. तलावावरच्या पोरांनीही वळून पाहिलं. दादाने हात काढून घेतला आणि लहान मुलासारखा श्वास रोखून उभा राहिला. आई तरंगत राहिली. पाणी तिच्या कानांवरून वाहत होतं. काठावर टॉवेल घेऊन उभी असलेली धाकटी रडत होती, पण तिची नजर आईवरून हलत नव्हती. शेजारी मालकीण चष्मा पुसत होती, जरा जास्तच वेळ.

घरी परतल्यावर चमत्कार वगैरे काही झाला नाही. आईचा हात लुळाच आहे, शब्द अजून उशिरानेच येतात. पण सकाळी दादा गाडी घेऊन दारात येतो, उशीर झाला तर बोलणी खातो, आणि आईला गावातल्या तलावावर नेतो. मधूनच कधीतरी मालकिणीचा फोन येतो. आई तो डाव्या कानाला लावून खिडकीत बसते. कितीतरी वेळ कोणीच बोलत नाही, मग आई एखादा शब्द म्हणते आणि पलीकडून हसू येतं. दोघींचं फोनवर काय चालतं, हे धाकटीने कधी विचारलं नाही.