दंडावरची सुई

डॉक्टरांनी लसीचा थेंब सुंदरबाईच्या दंडावर ठेवला आणि दुतोंडी सुईने भराभर टोचायला सुरुवात केली. सुंदरबाई खिडकीबाहेर बघत होती. दंडावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले तरी तिने मान वळवली नाही.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"कवा टोचलं जी? मी वाटच पाहून राहिली."

दाराशी उभा असलेला तिचा नवरा सोमाजी हसला. या लसीसाठीच दोघे सानगडीहून एसटीने भंडाऱ्याला आले होते. त्यांची मुलगी रत्ना आफ्रिकेत, झांबियात होती. जावई तिथल्या शाळेत गणित शिकवत. पौषात रत्नाचे पहिले बाळंतपण होते आणि दिवाळीला जावई येऊन सुंदरबाईला घेऊन जाणार होते. देवीचा रोग आपल्याकडून गेला, तरी लस टोचल्याशिवाय तिकडे घेत नाहीत, असे त्यांनी कळवले होते.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिचा दंड उजेडाकडे वळवला. टोचलेल्या जागेभोवती एक फिकट डाग होता. त्यांनी कापसाची बारीक वात वळली.

"डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

मनगटापाशी ती म्हणाली, "लागला." कोपरापाशीही म्हणाली. मग गप्प राहिली. कापूस डागावर फिरत होता आणि ती डोळे मिटून वाट बघत होती. सोमाजीचे हसू केव्हाच मावळले होते.

डॉक्टरांनी दार लोटून घेतले.

"बाई, हा महारोगाचा डाग आहे. घाबरू नका. एकच आहे, गोळ्यांनी बरा होईल. अशानं दुसऱ्याला लागत नाही."

सुंदरबाईने झटक्यात पदर ओढून दंड झाकला.

"नाई जी. उन्हाचा हाय तो. धानाच्या रोवण्यातला. आमच्या घरी कोणालेच नाई." ती सोमाजीकडे वळली. "सांगा ना तुमी!"

दार नीट लागले आहे ना, ते सोमाजीने पाहिले. मग धोतर मांडीपर्यंत वर घेतले. आतल्या बाजूला तळहाताएवढा फिकट चट्टा होता.

सुंदरबाई त्या चट्ट्याकडे बघतच राहिली.

"कवापासून?" तिने विचारले.

"रत्नाच्या लग्नाआधीपासून. लगन मोडलं असतं."

त्याच साली त्याने आपली खाट ओसरीत नेली होती. घरात उकडते म्हणाला होता. पुढे थंडी पडली तरी ती आत आली नाही, आणि आपले काय चुकले ते सुंदरबाई स्वतःशीच शोधत बसली होती.

ती स्टुलावर टेकली. मग तिने मान वर केली, ती डॉक्टरांकडे.

"माह्या रत्नाले झालं असन का?"

"तसं सांगता येत नाही. एकदा सगळं अंग तपासायला हवं."

"तिकडं कोन पायते तिचं अंग? बाळंतीण झाली का मीच तेल लावीन, मीच न्हाऊ घालीन." ती थांबली. "मले जाऊ देतीन ना?"

"गोळ्या चालू ठेवा. जाता येईल."

"मंग मले शिकवा."

डॉक्टरांनी पुन्हा वात वळून दाखवली. कापूस घासायचा नाही, नुसता टेकवायचा, म्हणाले. सोमाजीलाही गोळ्या घ्याव्या लागतील, असे सांगून ते कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुऊ लागले.

सुंदरबाई उठली. सोमाजीसमोर खाली बसली.

"डोये मिटा."

त्याने मिटले. तिने गुडघ्याला कापूस टेकवला.

"लागला," तो म्हणाला.

थोडा वर.

"लागला."

मग तिने त्या चट्ट्यावर कापूस टेकवला. उचलला, पुन्हा टेकवला. सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"लाव ना," डोळे मिटूनच सोमाजी म्हणाला. "थांबली काहून?"