चार अँटेनांची जुडी

सकाळी अकराला इमारतीच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या मजल्याच्या भिंतीवर साऱ्या बिऱ्हाडांचा मिळून एक वायफायचा डबा होता. त्याच्या चारही अँटेना, घरोघरी लहरी 'शुद्ध' करत फिरणाऱ्या लहरीबाबांनी आठवड्यापूर्वी तांब्याच्या तारेने एकत्र बांधल्या होत्या. "लहरींत एकी हवी," असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून इंटरनेट आणखीच रडत होतं आणि बाबांनी त्याचं खापर तिसऱ्या मजल्यावर फोडलं होतं.

तिथे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मावशी राहत. भाड्याच्या त्या एका खोलीतच त्यांचं घर आणि दुकान. "जुन्या रेडिओंतल्या अतृप्त लहरी डब्याचा गळा धरतात," हे बाबांचं निदान. मावशींनी रविवारपर्यंत खोली सोडावी, असं पत्र सोसायटीच्या सेक्रेटरींनी तयार ठेवलं होतं. फक्त सही बाकी होती.

"आता पुरावा बघा," बाबा म्हणाले. "रेडिओ बंद. सगळ्यांचे मोबाइल बंद करून टोपलीत. फक्त सेक्रेटरींचा चालू."

बाबा डोळे मिटून गुणगुणले. सेक्रेटरींच्या मोबाइलवर व्हिडिओ न अडखळता धावला. लोकांनी हात जोडले.

"सही करण्याआधी माझ्याही दोन चाचण्या घ्या," मावशी म्हणाल्या.

"वेळ कशाला घालवता, ताई?"

"तुमचा नाही घालवत, भाऊ. तुम्ही फाटकाबाहेर थांबा."

पहिली चाचणी: मावशींचे सगळे रेडिओ चालू, बाकीचे मोबाइल टोपलीत बंदच, बाबा बाहेर. व्हिडिओ तसाच धावला. दुसरी उलट: रेडिओ बंद, एकोणीसच्या एकोणीस मोबाइलवर व्हिडिओ लावलेले, बाबा आत गुणगुणताहेत. व्हिडिओ ठप्प.

"म्हणजे गर्दी आमचीच?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो. सगळे एकदम बोलले की कुणाचंच ऐकू येत नाही. बाबांनी तुम्हाला फक्त गप्प बसवलं." मावशींनी पक्कडीने तार कापली आणि अँटेना सुट्या करून उभ्या केल्या. "झोका वेळेवर ढकलला तर उंच जातो, उलटा ढकलला तर थांबतो. या चौघी अँटेना लहरी तशाच जुळवतात. ज्याचा निरोप त्याच्याकडे लहर वाढते, शेजाऱ्याकडे ती मरते. म्हणून एकाच वेळी तीन-चार जणांशी बोलता येतं. बाबांनी त्यांची मोळी बांधली."

आता सतरा मोबाइलवर व्हिडिओ चालला. दोन अडखळले.

"दोन का राहिले?" बाबांनी टोमणा मारला.

"दुरुस्ती आहे, चमत्कार नाही," मावशी म्हणाल्या.

जिन्यात हशा पिकला. बाबांना दुसऱ्या एका इमारतीच्या लहरींचं बोलावणं आलं आणि ते निघाले.

सेक्रेटरींनी पत्र फाडलं. "मावशी, खोली तुमचीच."

"ती होतीच. पण मला काढायचं ठरवलंत, तेव्हा एकानेही नुसता रेडिओ बंद करून पाहिला नाही."

वाचकांनी आपल्या दारी असा कुणी बाबा आला तर एवढंच करावं: ज्या गोष्टीला दोष दिला तीच चालू-बंद करावी आणि काय होतं ते पाहावं. दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणाचं तरी घर वाचतं.