राखाडी खेळण्यातले चार आवाज

"थांब," आई आतून म्हणाली.

सोल्डरताईने हातातली तापलेली सोल्डरगन स्टँडवर ठेवली, धुरावर एक फुंकर मारली आणि ती उठली. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने आईची उजवी बाजू नेली, आणि जाता जाता सगळे शब्दही नेले. 'थांब' हा एक तेवढा मागे राहिला. असे होते कधी कधी, डॉक्टर म्हणाले होते. भूक लागली तरी 'थांब', पाय दुखला तरी 'थांब', टीव्हीवरची बाई आवडली तरी 'थांब'. सुरावरून अर्थ लावायला ताई हळूहळू शिकली होती. आताचा 'थांब' पाण्याचा होता.

पाणी चमच्याने पाजून, हनुवटी पुसून ती परत टेबलाशी आली. टेबल बंद केलेल्या गॅलरीत होते. एका बाजूला खिडकीची जाळी, दुसऱ्या बाजूला आईच्या खोलीचे दार. मधे एक खुर्ची बसेल एवढीच जागा. टेबलावर हातात धरून खेळायचा एक जुना, राखाडी व्हिडिओ गेम पोट उघडून पडला होता.

ताई नेमके काय करते हे नातेवाइकांना समजावून सांगणे म्हणजे पंचाईत होती. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तिने बावीस वर्षे काढली. सोल्डरताई हे नाव तिथलेच. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सुटली, हत्यारे घरी आली. मग कुणीतरी बंद पडलेला गेम घेऊन आले आणि म्हणाले, "चालू करा, आणि याचा आवाज बाहेर काढायला एक जॅक बसवून द्या. आम्ही यावर गाणी वाजवतो." आधी तिला चेष्टाच वाटली. पण या मशीनमध्ये खेळाच्या जागी सूर मांडायचा प्रोग्रॅम घालता येत होता. चार आवाज. दोन नाकात बोलल्यासारखे, एक नुसती खरखर, आणि एकात आपल्याला हवा तो छोटासा आवाज भरता येई. ताई स्पीकरच्या आधीच, थेट आवाजाच्या बटणापासून तार काढी. त्यामुळे घरघर बंद होई. पडद्यामागे दिवा बसवी. शिवाय एक गोल बटण लावी, ते फिरवले की अख्खे गाणे जड होत होत खाली बसे, किंवा पळत सुटे. हळूहळू लांबलांबून पार्सले यायला लागली.

त्या दुपारी आलेले गिऱ्हाईक नेहमीचे होते. उन्हाळ्यातही लोकरी टोपी घालायचा, म्हणून ताई त्याला टोपीच म्हणे.

"ताई, मागच्या मशीनमध्ये एक गाणं राहिलंय. कुणाचं आहे?"

"ते होय? टेस्टिंगचं. पुसायचं राहिलं."

"टेस्टिंगचं? मी आठ वेळा ऐकलं. त्यात एक बाई 'थांब' म्हणते. मधेच लहान मुलीसारखी होते, मधेच म्हातारीसारखी."

ताईने दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "हळू बोल. ती आतच आहे."

टोपीला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. तो टक्कल पडलेला माणूस आहे हे ताईला त्या दिवशी कळले.

"शुक्रवारी आमचा कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "साडेतीनला. वीस मिनिटं तुमची. हे गाणं तुम्हीच वाजवायचं."

"मी बाहेर पडत नाही रे."

"कधीच?"

"भाजीला पडते. चौदा मिनिटांत परत."

तो हसला नाही. तो गेल्यावर तिने सगळा दिवस तो विषय मनातून झटकायचा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला फोन केला. वहिनी लगेच म्हणाली, "त्यात काय एवढं, येईन की मी! एक ते पाच ना? जा तुम्ही बिनधास्त." तीन वर्षांत हे इतके सोपे असेल असे ताईला वाटले नव्हते. पुढचे चार दिवस तिने आईला भरवता भरवता मांडीवर बोटे चालवून सराव केला.

शुक्रवारी बारा वाजता फोन वाजला.

"ताई, अहो, फर्निचरवाला आजच येतोय म्हणाला, त्याचा काही भरवसा नाही. तुमचं ते पुढच्या शुक्रवारी नाही का चालणार?"

"पुढच्या शुक्रवारी कार्यक्रम नाहीये, वहिनी."

"मग गेमच वाजवायचाय ना? घरूनच नाही लावता येत?"

ताईने दादाला ऑफिसात फोन लावला. दादा घाईत होता. "अगं, तिचं खरंच काम असेल. आणि हे बघ, आईला एकटं टाकून जाऊबिऊ नकोस, एवढंच सांगतो."

"नाही टाकणार," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिने कपाटातून आईची निळी साडी काढली. साडी नेसवायला, केस विंचरायला, पिशवी भरायला तासभर गेला. इमारतीला लिफ्ट नव्हती. खालचा वॉचमन आणि टॅक्सीवाला यांनी मिळून चाकाची खुर्ची तीन मजले उतरवली. आईने डाव्या हाताने टॅक्सीवाल्याची कॉलर घट्ट धरून ठेवली होती. "सोडा हो आजी, पाडत नाही तुम्हाला," तो म्हणत होता.

दादा विमा कंपनीच्या शाखेत मॅनेजर होता. काचेची केबिन, आत येणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या. ताईने त्यातली एक बाजूला सारली आणि तिथे आईची खुर्ची लावली.

"हे काय?" दादा उठून उभा राहिला. बाहेर सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या.

"पाणी चमच्यानेच दे, ग्लासने ठसका लागतो. चारला बदलावं लागेल. सगळं पिशवीत आहे."

"अगं, ऑफिस आहे हे!"

"माहीत आहे. बाहेर पाटी वाचली."

"मी काय करू? ती काही म्हणाली तर मला कळणार कसं?"

"एकेक विचारून बघ. नाही म्हणायचं असेल तर मान हलवते."

ती दाराशी पोहोचली तेव्हा मागून आई म्हणाली, "थांब." ताई थबकली. हा कुठला थांब, ते तिला ओळखता येईना. पाण्याचा नव्हता, दुखण्याचा नव्हता. मागे वळले तर आपण जाणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने काचेचे दार ढकलले.

कार्यक्रम एका जुन्या गोदामात होता. पन्नासएक माणसे, बहुतेक तिच्या निम्म्या वयाची. टोपीने तिला एका टेबलाशी उभे केले, तार जोडली आणि तो बाजूला झाला. तिने बटण दाबले. पहिला सूर आला, आणि तिच्या मनात आले, घरघर नाही. एवढ्या मोठ्या स्पीकरवरही नाही. हा जॅक आपण बसवलाय.

मग आईचा आवाज आला. लोक आनंदाने ओरडले. पुढच्या वेळी त्यांनीही तो म्हटला, सगळ्यांनी मिळून, हात वर करून. एक मुलगी डोळे मिटून नाचत होती आणि दर वेळी बरोबर ठेक्यावर 'थांब' म्हणत होती. ताईला तिचा राग आला, मग स्वतःचा. घरात जो शब्द ऐकला की हातातले काम टाकून उठायचे, त्यावर ही माणसे उड्या मारत होती, आणि तो शब्द त्यांच्या हाती तिनेच दिला होता. तिने बाकीचे तीन आवाज बंद केले. गोल बटण हळूहळू फिरवत नेले. थांब. मग खाली, जड. थांब. एकेक करून लोक नाचायचे थांबले. गोदामात फक्त आई उरली. त्या शांततेत ताईने तो शब्द सात वेळा वाजू दिला आणि मशीन बंद केले.

टाळ्या जरा उशिराच सुरू झाल्या.

"पुढच्या महिन्यात चार गावं आहेत, नऊ दिवस," टोपी तिला बाहेर सोडायला आला तेव्हा म्हणाला. "याल?"

"नऊ दिवस!" ताई हसली. "तुमच्या सगळ्यांची मशीनं तेवढी आधी आणून दे. तपासून ठेवते."

दादाच्या केबिनचे पडदे ओढलेले होते. आत दादा शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत चढवून आईसमोर खुर्चीत बसला होता. त्याचा टाय पिशवीवर पडला होता, ओला.

"बदललंस?"

"हो."

"कुणाला बोलावलंस?"

"कुणाला बोलावणार? दार लावलं आणि केलं." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मी चौकशी केली आज. अशा पेशंटना ठेवून घेणारी एक संस्था आहे, चांगली आहे. सोमवारपासून जागा मिळतेय. बास झालं तुझं."

हे वाक्य ऐकायला ताई तीन वर्षे थांबली होती. त्यावरचे 'हो' तिने कितीदा तरी मनात म्हणून ठेवले होते. आता ते तोंडात येईना. आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"आधी घरी चल," ताई म्हणाली. "खुर्ची वर न्यायला दोन माणसं लागतात."

घराच्या जिन्यात दादाने खुर्चीची पुढची बाजू धरली, तिने मागची. पहिला मजला तो एका दमात चढला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने खुर्ची टेकवली आणि कठड्याला धरून धापा टाकत राहिला. खुर्चीचा ब्रेक सैल होता, ती घरंगळायला लागली. ताईने चटकन पायाचा चवडा चाकाखाली सारला.

वळणावर एक खिडकी होती. खाली रस्त्यावर दोन हमाल टेम्पोतून एक मोठा आरसा उतरवत होते, आणि आरशात आभाळाचा एक तुकडा हलत होता. आईने मान पुढे केली.

"सोमवारचं काय ते सांग मला," दादा म्हणाला. श्वास परत आल्यावर तो खुर्चीला हात घालायला वाकला. "चल, उचल."

"राहू दे जरा," ताई म्हणाली. "बघू दे तिला."

आरसा फाटकातून आत जाईपर्यंत तिघे तिथेच राहिले. चाकाखाली ताईच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने तो हलवला नाही.