ट्रंकेतली बरणी

नर्मदाबाईंनी मिठाची बरणी जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली, पलंगाखालची पत्र्याची ट्रंक बाहेर ओढली, बरणी तळाशी ठेवली आणि वरून कुलूप घातलं. किल्ली पदराच्या टोकाला गच्च बांधली. मग कुठे त्यांच्या लक्षात आलं, की उजवा तळहात अजून चुरचुरतोय.

बाहेरच्या खोलीत रुपचंद भिंतीकडे तोंड करून बसले होते. मिशीला मीठ चिकटलेलं होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. डावा गाल लाल झाला होता. कूलर घरघरत होता, बाहेर मेहरूणचा रस्ता उन्हानं ओस पडला होता. बघणारं कुणी नव्हतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

घडलं ते एवढंच. मागल्या अंगणात धुणं वाळत घालून त्या आत आल्या, तर नवरा स्वयंपाकघरात उभा. बरणी काखेत धरलेली, आणि लहान पोर साखर खातं तसं मुठीनं मीठ खाणं चाललेलं. बीपीच्या माणसाला मीठ म्हणजे विष, एवढं नर्मदाबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बरणी ओढली. ते सोडेनात.

"माले दे," ते म्हणाले. "दे ना व."

तेव्हा नर्मदाबाईंनी थोबाडीत मारली. रुपचंदांनी डावा हात कोपरात मोडून तोंडासमोर धरला, शाळेतली पोरं मास्तरांसमोर धरतात तसा. नर्मदाबाईंनी तो हात खाली ओढला आणि दुसरी मारली. पहिली मिठापायी होती. दुसरी मात्र ओल्या चादरींची, उष्ट्या सदऱ्यांची आणि हाकेला ओ न देणाऱ्या तोंडाची होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला कधी एकेरी हाकसुद्धा मारली नव्हती.

रुपचंद म्हणजे एके काळी धुळ्याच्या एसटी स्टँडचा आवाज. वाहतूक नियंत्रक होते. माईक हातात घेऊन 'साक्री, दहिवेल, नवापूर' असं म्हणायला लागले, की पेंगणारा माणूससुद्धा पिशवी उचलून उभा राहायचा. निवृत्त झाल्यावर मुलाच्या नोकरीपायी जळगावला घर केलं. मुलगा कुंदन पुढे बदली होऊन नाशिकला गेला आणि हे दोघं तिथल्या मेहरूण भागातच राहिले. घरातही त्यांचं बोलणं माईकवरचंच. चहा झाला, की 'चहा फलाटावर लागलेला आहे' म्हणायचे आणि नर्मदाबाई कपाळाला हात लावायच्या.

दीड वर्षापूर्वी बीपी निघालं. डॉक्टरांनी एक गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला या म्हणाले. नर्मदाबाईंनी कमी केलं नाही, बंदच केलं. वरण अळणी, भाजी अळणी, दादर ज्वारीच्या भाकरीच्या पिठातली चिमूटसुद्धा गेली. अर्धवट काम त्यांना कधी जमलंच नाही. पापड, बिबडे, लोणच्याची बरणी सगळं त्यांनी शेजारच्या बेबाबाईला देऊन टाकलं. बेबाबाईकडे बीपी मोजायचं यंत्र होतं. त्यावर आकडा चांगला येई, म्हणून डॉक्टरकडे जायचं राहून गेलं. गोळी तेवढी नेमानं चालू होती. आणि ऊन वाढलं तसं, दर तासाला तांब्याभर पाणी.

"तुम्हले अळणी, तर माले बी अळणी," त्यांनी नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रुपचंद हसले होते आणि तेव्हापासून ताटातलं मुकाट्यानं खात गेले.

नर्मदाबाईंचा नेम पंधरा दिवस टिकला. सोळाव्या दिवशी पीठ मळता मळता हातातली ताकद गेली, उगाच रडू आलं, आणि त्यांनी बरणीतलं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. त्यानंतर त्या नवऱ्याचं जेवण उरकलं की मागल्या दारी बसायच्या आणि भाकरीबरोबर मीठ घातलेला मिरचीचा ठेचा खायच्या. तेवढ्यासाठीच बरणी घरात राहिली होती.

माघ संपला तसे रुपचंद नुसते बसून राहायला लागले. आधी तलावावर फिरायला जाणं सुटलं, मग पेपर सुटला, मग बोलणं. एकदा पायजम्याची नाडी बांधता बांधता मध्येच थांबून रडले. नर्मदाबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "कशामाच मन लागस नही." आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेक माहेरी आली होती, दोन दिवस राहून गेली आणि तिसऱ्या दिवशी हे विचारू लागले, की ती पोरगी कोण होती. मग अंथरुणात होऊ लागलं.

"साठी बुद्धी नाठी, अक्का," बेबाबाई म्हणायची. "मन्हा सासरा बी आशेच करे. आते तुम्ही कितलं बी करा."

कुंदनही फोनवर तेच म्हणायचा, जरा बऱ्या शब्दांत. ते सगळ्यांनी गृहीत धरलं होतं आणि नर्मदाबाईंनीही. म्हणूनच तर हात उठला.

बरणी ट्रंकेत गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी रुपचंद न्हाणीच्या दारात पडले. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, तोंडातून फेस आला. बेबाबाईनं रिक्षा बोलावली. दवाखान्यात रक्त काढलं, दुपारी रिपोर्ट आला, आणि तरुण डॉक्टरीणबाई तो कागद हातात घेऊन बाहेर आली. तोवर कुंदनही नाशिकहून येऊन पोचला होता.

"सोडियम एकशे बारा आहे," ती म्हणाली. "एकशे पस्तीसच्या वर हवं. जेवणात मीठ किती असतं यांच्या?"

"आई पथ्याला फार पक्की आहे," कुंदन अभिमानानं म्हणाला. "दीड वर्षात आबांच्या ताटात मिठाचा कण नाही."

"कणसुद्धा नाही?"

कुंदनचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाई चिडली नाही. खुर्ची ओढून नर्मदाबाईंच्या समोर बसली आणि सावकाश सांगू लागली. बीपीला मीठ कमी करायचं असतं, बंद नाही करायचं. ती गोळी लघवीवाटे अंगातलं मीठ बाहेर टाकते. त्यात जेवण अळणी, आणि वर एवढं पाणी. रक्तातलं मीठ असं उतरत गेलं, की आधी ताकद जाते, मग मन मरतं, माणूस गप्प होतो, भ्रमिष्टासारखा वागतो. शेवटी झटके येतात.

"म्हणजे वयामुळं नव्हतं?" कुंदननं विचारलं.

"वय आहेच. पण हे वय नाही."

नर्मदाबाई पदराची गाठ चाचपत बसल्या होत्या. किल्ली तिथेच होती.

"आजी, एक सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मधल्या काळात ते मीठ मागत होते का? चोरून खात होते का? काहींना तशी ओढ लागते. अंगच मागतं."

कुंदन आईकडे बघत होता.

"नाही," नर्मदाबाई म्हणाल्या. "कधीच नाही."

सलाईन थेंबाथेंबानं चाललं. घाई केली तर मेंदूला इजा होते, म्हणून सावकाशच द्यायचं होतं. नर्मदाबाई दोन दिवस स्टुलावरून हलल्या नाहीत. त्यांनी देवाकडे नवऱ्याचा जीव मागितला, आणि लगेच मागोमाग दुसरं मागितलं, की यांना तेवढं आठवू नये. हे दुसरं मागताना त्यांना स्वतःची किळस आली, पण मागायचं त्यांनी थांबवलं नाही.

तिसऱ्या दिवशी रुपचंदांनी डोळे उघडले, वर पंखा बघितला, सलाईनची नळी बघितली.

"कोनतं गाव शे हाई?" त्यांनी विचारलं.

"जळगाव," कुंदन म्हणाला. "दवाखाना आहे, आबा."

"मंग गाडी लेट शे," ते म्हणाले, आणि कुंदन दाराबाहेर जाऊन रडला.

डॉक्टरीणबाईनं सुट्टी देताना गोळी बदलली, रोज किती मीठ घालायचं ते चमच्यानं दाखवलं. आणि कुंदननं विचारलं म्हणून सांगितलं, की मधल्या दिवसांतलं त्यांना बहुतेक आठवणार नाही. नर्मदाबाईंच्या अंगातून काहीतरी सैल होऊन गेलं. त्यांनी डॉक्टरीणबाईच्या हातात हात दिला आणि बराच वेळ सोडला नाही. तिला वाटलं, म्हातारीला नवरा परत मिळाल्याचा आनंद झालाय. तो होताच.

घरी आल्यावर आठ दिवसांत रुपचंद माणसात आले. पेपर सुरू झाला. बेबाबाई समाचाराला आली, तेव्हा तिनं भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसलेल्या आबांची नक्कल केली, दूधवाल्याला सलाम ठोकला होता ते सांगितलं. रुपचंद डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ती गेल्यावर मात्र बराच वेळ हाताच्या शिरा बघत बसले.

"आखाजीनंतरनं काहीच आठवस नही," ते म्हणाले. "बठ्ठं पुसाई गयं. मी तुले तरास दिन्हा का व?"

"नही," नर्मदाबाई म्हणाल्या. "झोपेलच राहेत तुम्ही."

"मारं-बिरं नही ना तुले? लोक मारतस म्हने आशा वखतले."

"नही व्हो," त्या म्हणाल्या आणि चुलीवर काही नसताना स्वयंपाकघरात गेल्या.

त्या दुपारी कुंदन नाशिकला परत गेला होता. दीड वर्षानंतर त्यांनी पहिल्यांदा वांग्याचं भरीत केलं. वांगी भाजली, मिरची, लसूण, कांद्याची पात घातली, चमच्यानं मोजून मीठ घातलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. ट्रंकेतून काढलेली बरणी आता पुन्हा फळीवर होती. त्यातलं थोडं मीठ त्यांनी वाटीत काढलं, वाटी ताटाशेजारी ठेवली आणि किती तरी दिवसांनी स्वतःचं ताट घेऊन नवऱ्यासमोर बसल्या.

रुपचंदांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"कसं लागस?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"जेवन फलाटवर लागेल शे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. माईकवरचा आवाज अजून आला नव्हता, पण येऊ घातला होता. नर्मदाबाईंना हसू आलं. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या. रुपचंदांच्या मिशीला भाकरीचं पीठ लागलं होतं. ते झटकायला नर्मदाबाईंनी हात पुढे केला. बांगड्या वाजल्या.

रुपचंदांचा डावा हात झटकन वर गेला आणि कोपरात मोडून तोंडासमोर उभा राहिला. उजव्या हातातली भाकरी ताटात पडली.

दोघंही तसेच थांबले. मग रुपचंदांनी हात हळूच खाली घेतला, उलटसुलट करून बघितला. बायकोकडे बघितलं. तिचा हात अजून अधांतरीच होता.

"काय व्हयनं?" त्यांनीच विचारलं.

नर्मदाबाईंनी नजर ताटाकडे वळवली.

"आपलाआप वर गया," ते ओशाळून हसले. "आशक्तपना व्हई." भाकरी उचलून त्यांनी पुन्हा भरताला लावली. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग म्हणाले, "जरासं मीठ दे."

नर्मदाबाईंनी हात खाली घेतला. वाटी उचलली नाही. फरशीवरून बोटांनी सरकवत सरकवत त्यांनी ती नवऱ्याच्या हाताला लागेल इतकी जवळ नेली, आणि आपला हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.